क्रिप्टो ॲड्रेस बघून वॉलेट कोणतं ते कळतं का? स्वतःच्या ॲड्रेसवर तपासून बघा

यूपीआय आयडी बघितला की ॲप कोणतं ते आपल्याला लगेच कळतं. शेवटी @वायबीएल असेल तर फोनपे, @ओकेॲक्सिस किंवा @ओकेएचडीएफसीबँक असेल तर गूगल पे, @पेटीएम असेल तर विचारायलाच नको. ही सवय अंगात इतकी मुरलीये की नवीन माणूस क्रिप्टोत आला की त्याला पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो, मी माझा ॲड्रेस कोणाला दिला तर त्याला कळेल का की मी ट्रस्ट वॉलेट वापरतो की मेटामास्क की लेजरचं डिव्हाइस? आणि उलटा प्रश्नपण असतो, घरात एका चिठ्ठीवर जुना ॲड्रेस सापडलाय, तो कुठल्या वॉलेटचा असेल?

तर थोडक्यात सांगायचं तर ॲड्रेसमध्ये सॉफ्टवेअरचं नाव नसतं. ॲड्रेस नुसता पडून असेल, त्यावरून एकदाही काही पाठवलेलं नसेल, तर त्याच्याकडे बघून फक्त चेन (म्हणजे कुठल्या ब्लॉकचेनवरचा ते) आणि प्रकार कळतो. पण एकदा का त्यातून पैसे खर्च केले की तुमचं वॉलेट आपल्या सवयी चेनवर सोडून जातं, आणि त्या सवयी ओळखणारी माणसं आहेत, कंपन्या आहेत. आणि सगळ्यात जास्त माहिती फुटते ती ना ॲड्रेसमधून ना चेनवरून, ती तुमच्या वॉलेटनं स्वतः होऊन सर्व्हरला आणि वेबसाईटला सांगितलेली असते. खाली जे दिलंय ते स्वतःच्या ॲड्रेसवर करून बघा म्हणजे डोक्यात बसेल. एक गोष्ट आधीच सांगतो, यात कुठेही सीड फ्रेज, म्हणजे वॉलेटचे बारा किंवा चोवीस गुप्त शब्द, लागत नाहीत. "वॉलेट ओळखून देतो, आधी बारा शब्द टाका" असं कुठली साईट म्हणाली तर ती तिथल्या तिथे बंद करायची.

पायरी १: ॲड्रेस बनतो कसा ते एकदा समजून घ्या

बारा किंवा चोवीस शब्दांपासून एक मोठा आकडा बनतो, त्यातून प्रायव्हेट की (सही करायची गुप्त किल्ली), त्यातून पब्लिक की (उघड करता येणारी जोडीची किल्ली), आणि पब्लिक कीचा हॅश (उलट न फिरवता येणारा ठसा) काढून, पुढे प्रकाराची खूण आणि मागे चूक पकडायला चेकसम लावला की बिटकॉइनचा साधा ॲड्रेस तयार. इथेरियममध्ये तर अजून सोपं, पब्लिक कीच्या केचॅक-२५६ हॅशचे शेवटचे २० बाइट घ्यायचे आणि पुढे ०एक्स लावायचं, झालं. या सगळ्या गणितात "हे कुठल्या ॲपनं केलं" हे लिहायला जागाच नाहीये, कोणी केलं तरी उत्तर तेच येणार.

खात्री करायची असेल तर एक नवीन, रिकामं वॉलेट बनवा, ज्यात एक रुपयापण ठेवणार नाही असं. मेटामास्कमध्ये बनवा आणि तेच बारा शब्द ट्रस्ट वॉलेटमध्ये इम्पोर्ट करा. दोन्हीकडे पहिला इथेरियम ॲड्रेस एकच येईल, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. कारण दोघंही बीआयपी-३९ या ठरलेल्या पद्धतीचे शब्द आणि ४४, ६०, ०, ०, ० हाच रस्ता वापरतात, ज्याला डेरिव्हेशन पाथ म्हणतात. म्हणजे आता तुमचा हा ॲड्रेस मेटामास्कचा की ट्रस्टचा? दोघांचा आणि कोणाचाच नाही.

पुढे वाचण्याआधी शब्दप्रयोग सुधारून घेऊ, "माझा मेटामास्कचा ॲड्रेस" असं सगळेच म्हणतात, मीपण म्हणतो, पण ॲड्रेस कीचा असतो. ॲप फक्त ती की वापरून सही करतं.

पायरी २: सुरुवातीची अक्षरं बघा, ती काय सांगतात आणि काय नाही

बिटकॉइनपासून सुरू करू. १ नं सुरू होणारा ॲड्रेस म्हणजे सगळ्यात जुना प्रकार. यात शून्य, कॅपिटल ओ, कॅपिटल आय आणि छोटा एल ही अक्षरं कधीच नसतात, कारण हाताने उतरवताना गोंधळ होतो. ३ नं सुरू होणारा म्हणजे स्क्रिप्टचा (पैसे खर्च करायच्या अटींचा) ॲड्रेस, हे एप्रिल २०१२ पासून आलं. बीसी१क्यू म्हणजे सेगविट हे बिटकॉइनचं अपग्रेड, जे ऑगस्ट २०१७ मध्ये चालू झालं, आणि बीसी१पी म्हणजे टॅपरूट हे त्यानंतरचं अपग्रेड, ते नोव्हेंबर २०२१ पासून.

आता यातून वॉलेटबद्दल एवढंच काढता येतं की बीसी१पी वर पैसे घेणारं वॉलेट निदान टॅपरूट समजणारं आहे, म्हणजे २०१५ सालचं अपडेट न केलेलं सॉफ्टवेअर नक्की नाही. उलटं मात्र लागू होत नाही. १ नं सुरू होणारा ॲड्रेस बघून "जुनं वॉलेट असणार" असं लोक बिनधास्त म्हणतात, पण आजची कितीतरी वॉलेट्स सेटिंगमध्ये लीगसी (जुना प्रकार) निवडलं की तोच ॲड्रेस देतात, आणि एकाच पब्लिक कीपासून १ वाला, ३ वाला आणि बीसी१क्यू वाला असे तिन्ही बनवता येतात.

लांबी मोजा, ती जास्त कामाची आहे. बीसी१क्यू आणि एकूण ४२ अक्षरं असतील तर एकाच कीचा साधा ॲड्रेस. बीसी१क्यू आणि ६२ अक्षरं असतील तर मागे स्क्रिप्ट आहे, बहुतेक वेळा मल्टीसिग, म्हणजे दोन-तीन किल्ल्यांपैकी ठराविक लागणारं वॉलेट. तुमचा ॲड्रेस असा असेल तर वॉलेटचं नाव नाही कळलं तरी "हा माणूस मल्टीसिग वापरतोय" एवढं कळलं, आणि तेही कमी नाही, कारण चार पैसे जास्त असणाराच सहसा एवढा खटाटोप करतो. ३ वाल्यामध्ये हे खर्च करेपर्यंत कळत नाही, आत साधं सेगविट आहे की मल्टीसिग ते झाकलेलं असतं, पहिल्यांदा पैसे बाहेर गेले की स्क्रिप्ट उघडी पडते. बीसी१पी नेहमीच ६२ अक्षरांचा असतो त्यामुळे लांबीवरून काहीच फरक दिसत नाही, आणि सगळ्यांनी मिळून एकच सही केली तर खर्च केल्यावरही दिसत नाही.

बाकीच्या चेन पटकन. ०एक्स आणि पुढे ४० अक्षरं म्हणजे इथेरियम किंवा तिच्यासारखी कुठलीही चेन, पॉलिगॉन, बीएनबी चेन, बेस, आर्बिट्रम सगळीकडे तोच ॲड्रेस, म्हणजे इथे वॉलेट राहू दे, चेनसुद्धा नीट कळत नाही. त्यात अक्षरं लहानमोठी मिसळलेली असतात ते ईआयपी-५५ चं चेकसम आहे, वॉलेटची खूण नाही. टी नं सुरू होणारा ३४ अक्षरांचा ट्रॉन, ज्यावर यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं नाणं) फिरवणारे आपल्याकडे भरपूर आहेत. सोलानाचा ॲड्रेस म्हणजे पब्लिक कीच असते, हॅशबिश काही नाही, त्यामुळे वॉलेट फँटम असो की सोलफ्लेअर, दिसायला फरक शून्य. मोनेरोचा मुख्य ॲड्रेस ४ नं सुरू होतो, सबॲड्रेस ८ नं, आणि गंमत म्हणजे घेणाऱ्याचा ॲड्रेस चेनवर उमटतच नाही, दर वेळी एकदाच वापरायची नवीन की तयार होते.

पायरी ३: जिथे ॲड्रेसच चुगली करतो ते अपवाद

नियम झाला, आता अपवाद, आणि या विषयातला सगळ्यात मजेदार भाग हाच आहे.

कार्डानो घ्या. जुलै २०२० मध्ये शेली अपग्रेड आलं, त्याच्या आधीच्या काळातले ॲड्रेस दोन प्रकारचे दिसायचे. डेडॅलस वॉलेटचे डीडीझेडएफएफ नं सुरू व्हायचे आणि लांबलचक असायचे, योरोईचे एई२ नं सुरू व्हायचे आणि आखूड. कारण असं की डेडॅलस आपला डेरिव्हेशन पाथ एन्क्रिप्ट करून ॲड्रेसच्या आतच ठेवायचं आणि योरोईला त्याची गरज नव्हती. म्हणजे इथे खरोखर पहिली चार-पाच अक्षरं वाचून कुठल्या घराण्यातलं वॉलेट ते सांगता यायचं. शेलीनंतर सगळे एडीडीआर१ नं सुरू व्हायला लागले आणि हा फरक पुसला गेला.

दुसरा अपवाद म्हणजे नावं. लाइटनिंगचा (बिटकॉइन झटपट पाठवायच्या नेटवर्कचा) ॲड्रेस ईमेलसारखा असतो, @ च्या पुढे वॉलेट ऑफ सातोशीचं डोमेन असेल तर अजून काय ओळखायचं राहिलं. कॉइनबेस या एक्स्चेंजनं लोकांना फुकट दिलेली नावं सीबी डॉट आयडी नं संपतात. इथे तुमची यूपीआयवाली सवय शंभर टक्के लागू पडते. लाइटनिंगच्या इन्व्हॉइसमध्येसुद्धा घेणाऱ्या नोडची (नेटवर्कला जोडलेल्या कॉम्प्युटरची) पब्लिक की किंवा त्याच्यापर्यंत पोचायचे रूटिंगचे इशारे असतात, आणि मोबाईल वॉलेट असेल तर तो रस्ता सहसा त्या वॉलेटच्या कंपनीच्या नोडवरून जातो.

तिसरा अपवाद भीतीदायक आहे. इथेरियमवर काही लोकांना ॲड्रेसच्या सुरुवातीला ओळीनं शून्यं हवी असतात, काही दिसायला म्हणून, काही गॅस, म्हणजे व्यवहाराची फी, थोडी वाचावी म्हणून. त्यासाठी प्रोफॅनिटी नावाचं टूल खूप चालायचं. त्या टूलमध्ये २५६ बिटची प्रायव्हेट की बनवायला सुरुवातीचा रँडम आकडा फक्त ३२ बिटचा घेतला जायचा, म्हणजे ४२९ कोटींच्या आसपास शक्यता, ज्या शक्तिशाली ग्राफिक्स कार्डांना जड नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये वनइंच या क्रिप्टो स्वॅपच्या सेवेनं हे जाहीर केलं आणि त्याच महिन्यात २० तारखेला विंटरम्यूट या ट्रेडिंग कंपनीचे साधारण १६ कोटी डॉलर गेले, त्यांचा ॲड्रेस असाच शून्यांच्या रांगेनं सुरू होणारा होता. शून्यांची रांग म्हणजे प्रोफॅनिटीच असं नाही, तशी टूल्स बरीच आहेत, पण चोराला कुठे शोधायचं एवढा इशारा ॲड्रेसनंच दिला होता.

याच जातीची अजून दोन उदाहरणं. लिबबिटकॉइन एक्सप्लोरर नावाच्या टूलच्या ३.x आवृत्त्यांमध्ये सीड बनवायचा कमांड असाच ३२ बिटवर चालायचा, जुलै २०२३ मध्ये त्यावर बनलेली वॉलेट्स साफ झाली, हे प्रकरण मिल्क सॅड नावानं ओळखतात कारण कॉम्प्युटरच्या घड्याळाची वेळ शून्य धरली तर तयार होणाऱ्या शब्दांतले पहिले दोन हेच येतात. आणि ट्रस्ट वॉलेटच्या ब्राउझर एक्स्टेन्शनमध्ये १४ ते २३ नोव्हेंबर २०२२ च्या दरम्यान नवीन बनवलेल्या वॉलेट्समध्ये तसाच दोष होता, मोबाईल ॲपमध्ये नव्हता. आता विचार करा, सगळ्या शक्यता मोजून ॲड्रेसची यादीच बनवता येते, आणि तुमचा ॲड्रेस त्या यादीत असेल तर तो त्याच सॉफ्टवेअरनं बनवला हे जवळजवळ सिद्धच झालं. चांगलं वॉलेट म्हणजे ज्याचे ॲड्रेस बाकीच्यांच्या गर्दीत मिसळून जातात ते. ज्या दिवशी ॲड्रेसवरून सॉफ्टवेअर ओळखता येतं त्या दिवशी पैसे जायची वेळ झालेली असते. त्या काळातलं त्या एक्स्टेन्शनचं वॉलेट अजून कोणाकडे असेल तर नवीन शब्दांचं वॉलेट बनवा आणि पैसे तिकडे हलवा, नुसतं अपडेट करून शब्द बदलत नाहीत.

पायरी ४: इथेरियमचा ॲड्रेस एक्सप्लोररमध्ये उघडा

इथरस्कॅनवर, म्हणजे इथेरियमचे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या साईटवर (अशा साईटला एक्सप्लोरर म्हणतात), ॲड्रेस टाका. पहिलं बघायचं ते कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे चेनवर ठेवलेला प्रोग्रॅम, आहे का. साधं मेटामास्कसारखं वॉलेट असेल तर ॲड्रेसला कोड नसतो. सेफसारखं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट वॉलेट असेल तर मात्र कॉन्ट्रॅक्ट म्हणून दिसतं, आत कोणाकोणाच्या सह्या लागतात आणि किती लागतात तेपण वाचता येतं. मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून १८ जुलै २०२४ ला २३ कोटी डॉलरच्या वर चोरी झाली ते असंच सेफचं मल्टीसिग होतं, सहापैकी चार सह्यांचं. असल्या वॉलेटचा प्रकार कोणाला वेगळा शोधून काढावा लागत नाही, तो चेनवर उघडाच असतो.

मे २०२५ मध्ये इथेरियमचं पेक्ट्रा अपग्रेड आल्यापासून यात अजून एक भर पडलीये. त्यातल्या ईआयपी-७७०२ या बदलामुळे साध्या ॲड्रेसलाही एखाद्या कॉन्ट्रॅक्टचा कोड जोडता येतो, एका क्लिकवर दोन-तीन कामं करता यावीत म्हणून. कोणता कॉन्ट्रॅक्ट जोडलाय ते ॲड्रेसच्या कोडमध्ये दिसतं आणि मेटामास्कसारख्या वॉलेट्सचे आपापले कॉन्ट्रॅक्ट ठरलेले आहेत. म्हणजे वॉलेटमध्ये "स्मार्ट अकाउंट" चालू करताना हो म्हणालात की तुमच्या ॲड्रेसला वॉलेटची पाटी लागली असं समजा. वाईट आहे असं नाही, पण माहीत असावं.

मग खाली ट्रान्झॅक्शन बघा. मेटामास्कच्या आतलं स्वॅप (एक नाणं देऊन दुसरं घ्यायचं) बटण वापरलं असेल तर व्यवहार मेटामास्कच्या स्वॅप राउटरमधून जातो, त्यावर ०.८७५ टक्के फी लागते आणि एक्सप्लोरर त्या कॉन्ट्रॅक्टचं नाव स्पष्ट लिहितो. बाकीच्या वॉलेटमधल्या स्वॅपचंही साधारण असंच आहे. तोच स्वॅप तुम्ही युनिस्वॅपच्या साईटवर जाऊन केला असता तर ही खूण राहिली नसती, शिवाय वॉलेटची फीपण वाचली असती.

अजून एक, ॲड्रेसवर पैसे आले की थोड्या वेळात सगळेच्या सगळे एका मोठ्या ॲड्रेसकडे जातायत आणि त्या मोठ्या ॲड्रेसवर एखाद्या एक्स्चेंजचं नाव लिहिलंय, असं दिसलं तर "वॉलेट कोणतं" हा प्रश्नच चुकीचा आहे, तो एक्स्चेंजचा डिपॉझिट ॲड्रेस आहे.

पायरी ५: बिटकॉइनचं एखादं खर्चाचं ट्रान्झॅक्शन उघडा

मेमपूल डॉट स्पेस या बिटकॉइनच्या एक्सप्लोररवर तुमचं कुठलंही पाठवलेलं ट्रान्झॅक्शन उघडा आणि डिटेल्स दाबा. आता इथे जरा थांबायला लागेल, कारण वॉलेटची खरी ओळख इथे आहे, याला लोक वॉलेट फिंगरप्रिंटिंग म्हणतात.

लॉकटाइम बघा, म्हणजे कोणत्या ब्लॉकच्या आधी हा व्यवहार नोंदवता येणार नाही तो आकडा. बिटकॉइन कोअर (बिटकॉइनचं मूळ सॉफ्टवेअर) आणि इलेक्ट्रम (एक जुनं वॉलेट) हे दोघं तिथे चालू ब्लॉकचा नंबर किंवा त्याच्या थोडा आधीचा नंबर टाकतात, मायनरनी मागचे ब्लॉक उकरून फी पळवू नये म्हणून. बरीच मोबाईल वॉलेट्स तिथे सरळ शून्य ठेवतात. मग व्हर्जन बघा, १ आहे की २. मग आरबीएफची खूण आहे का, म्हणजे नंतर फी वाढवायची सोय ठेवलीये का. हे तीन आकडे वाचायला काहीच कौशल्य लागत नाही, आणि एवढ्यावरच बरीच वॉलेट्स यादीतून बाद होतात.

मग आउटपुटचा क्रम. इलेक्ट्रम बीआयपी-६९ या ठरलेल्या नियमाप्रमाणे रकमेच्या चढत्या क्रमानं लावतं, कोअर चेंज कुठेही टाकतं, आणि काही वॉलेट्स चेंज कायम शेवटीच ठेवतात. नवीन लोकांसाठी, चेंज म्हणजे सुटे, तुमच्याकडे ०.०५ बिटकॉइनची एकच नोंद होती आणि ०.०२ द्यायचे होते तर उरलेले तुमच्याच दुसऱ्या ॲड्रेसवर परत येतात ते. एका ट्रान्झॅक्शनमध्ये दोन आउटपुट चढत्या क्रमानं असणं हा निम्म्या वेळा योगायोगच असतो, त्यामुळे एकावरून काहीही ठरवू नका, पण त्याच माणसाची वीस ट्रान्झॅक्शन्स बघितली आणि प्रत्येक वेळी क्रम तोच, तर योगायोग कसला.

चेंज कुठे गेलं तेही बघा. तुम्ही बीसी१क्यू मधून पाठवलं, समोरच्याचा १ वाला ॲड्रेस होता, आणि दुसरं आउटपुट बीसी१क्यू वर गेलं, तर सुटे कोणते ते लहान पोरगंही सांगेल. कोअरसारखी काही वॉलेट्स हे लपवायला जमेल तिथे चेंजचा प्रकार समोरच्याच्या प्रकाराशी जुळवतात, आणि गंमत अशी की ही लपवायची सवयच त्यांची ओळख होऊन बसते.

सहीची लांबी हा जरा आतला मुद्दा आहे पण मला सगळ्यात आवडतो. बिटकॉइन कोअर २०१८ च्या ०.१७ आवृत्तीपासून सही अशी निवडतं की ती एक बाइट लहान यावी, ७२ ऐवजी ७१. हे न करणाऱ्या वॉलेटच्या साधारण निम्म्या सह्या ७१ च्या येतात आणि निम्म्या ७२ च्या. म्हणजे एक ७१ ची सही बघून काही कळत नाही, पण एकसुद्धा ७२ ची सापडली की ती कोअरच्या नव्या आवृत्तीनं स्वतः केलेली नाही हे पक्कं. हेच या सगळ्या प्रकाराचं सूत्र आहे, "हे नाही" एवढं एका खुणेवरून ठामपणे म्हणता येतं, "हेच आहे" म्हणायला बऱ्याच खुणा एकत्र याव्या लागतात. टॅपरूटमध्ये सह्या ठरलेल्या लांबीच्या असल्यामुळे ही खूण राहतच नाही.

कॉइनजॉइन (अनेकांचे पैसे एका व्यवहारात मिसळणं) तर लांबून दिसतं. सामुराय वॉलेटच्या व्हर्लपूलमध्ये पाच इनपुट आणि पाच एकसारख्या रकमेचे आउटपुट असायचे, जुन्या वसाबी वॉलेटमध्ये ०.१ बिटकॉइनच्या आसपासचे एकसारखे आउटपुट रांगेनं दिसायचे. कोणाचे पैसे कुठे गेले ते झाकलं जायचं पण "हा सामुराय वापरतोय", "हा वसाबी वापरतोय" हे मात्र जगाला दिसायचं. सामुरायवाल्यांना एप्रिल २०२४ मध्ये अटक झाली आणि व्हर्लपूल बंद पडलं, पण जुनी ट्रान्झॅक्शन्स चेनवर आहेत तशीच राहणार.

पायरी ६: वॉलेट स्वतःच कुठे नाव सांगतं ते बघा

इतका वेळ आपण खुणा हुडकत होतो, आणि इकडे सॉफ्टवेअर स्वतःहून ओळख सांगत फिरतंय. इलेक्ट्रमच्या पद्धतीनं चालणारी वॉलेट्स सर्व्हरला जोडली की पहिल्याच निरोपात आपलं नाव सांगतात, मग तुमचे ॲड्रेस विचारतात, म्हणजे तो सर्व्हर चालवणाऱ्याकडे तुमचा आयपी, सॉफ्टवेअर आणि ॲड्रेस तिन्ही एकत्र. कोणतीही डीफायची (बँकेशिवाय चेनवरच चालणाऱ्या आर्थिक सेवांची) साईट उघडून "कनेक्ट" दाबलं की ब्राउझरमधलं वॉलेट आपलं नाव आणि लोगो साईटला देतं, मोबाईल वॉलेट साईटला जोडणाऱ्या वॉलेटकनेक्टमध्येही तसंच, द्यावंच लागतं कारण नाहीतर यादीत नाव कसं दिसणार. मेटामास्क डीफॉल्टमध्ये इन्फ्युरा या सेवेच्या सर्व्हरमधून चेनशी बोलतं. ट्रेझर या हार्डवेअर वॉलेटचं स्वतःचं ॲप कंपनीच्या सर्व्हरला एक्सपब देऊन बॅलन्स विचारतं, एक्सपब म्हणजे त्या खात्याचे सगळे ॲड्रेस एका दमात.

आणि माणूस स्वतः सांगतो ते वेगळंच. स्क्रीनशॉट टाकतो, त्यात बटणांचा रंग बघूनच वॉलेट कळतं. क्यूआरच्या मधोमध लोगो असतो. "माझं अमुक वॉलेट अडकलंय, हा ॲड्रेस बघा जरा" असं टेलिग्रामवर लिहितो आणि पाच मिनिटांत तीन "सपोर्ट एक्झिक्युटिव्ह" डीएममध्ये हजर.

हे सपोर्टवाले "तुमच्या ॲड्रेसवरून आम्हाला दिसतंय की तुम्ही ट्रस्ट वॉलेट वापरता" असं म्हणतात तेव्हा ते ठोकून देत असतात. हजार जणांना तोच मेसेज गेलेला असतो, ज्याच्याकडे ते वॉलेट निघतं तो दचकतो. लेजरच्या गिऱ्हाइकांना २०२० नंतर जे फिशिंग मेसेज आणि पुढे घरपोच बनावट डिव्हाइससुद्धा आले, ते कोणी ॲड्रेस वाचून पाठवले नव्हते. कंपनीच्या विक्रीच्या डेटाबेसमधून जवळपास २ लाख ७२ हजार लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर फुटले होते. चेनवर काहीच नव्हतं, ऑर्डर फॉर्ममध्ये सगळं होतं.

पायरी ७: कमी दिसायचं असेल तर

फार काही करायला लागत नाही. बिटकॉइनमध्ये दर वेळी नवीन ॲड्रेस द्या, बहुतेक वॉलेट्स आपोआप देतात, काही मल्टीचेन मोबाईल ॲप्स मात्र तोच तो ॲड्रेस दाखवत राहतात, तसलं असेल तर बिटकॉइनसाठी वेगळं वॉलेट घ्या. सेटिंग्ज उगाच विचित्र ठेवू नका, जो प्रकार सगळे वापरतात तोच वापरा, वेगळेपणा हीच खूण असते. लोकांना दाखवायचा ॲड्रेस आणि बचतीचा ॲड्रेस वेगवेगळ्या सीडवर ठेवा. इथेरियमवर एकाच ॲड्रेसवरून सगळ्या साईट्सना कनेक्ट होत बसू नका. जमत असेल तर स्वतःचा नोड चालवा, नाही जमलं तर निदान एक्सप्लोररवर स्वतःचे सगळे ॲड्रेस घरच्या नेटवरून एकामागून एक शोधू नका, त्या साईटला कळतं ना की हे सगळे एकाच माणसाचे. आयपी लपवणाऱ्या टॉर ब्राउझरमधून बघा. एवढ्यापलीकडे, चार हजार रुपयांच्या बिटकॉइनसाठी सहीचे बाइट मोजत बसणं मला तरी वेडेपणा वाटतो.

पायरी ८: जुना ॲड्रेस सापडलाय, वॉलेट शोधायचंय

आधी पायरी २ प्रमाणे चेन ठरवा, मग एक्सप्लोररवर बॅलन्स आहे का बघा, नसेल तर पैसे कुठे गेले ते बघा. पहिला व्यवहार कोणत्या साली झाला ते लिहून ठेवा, त्या सालानंतर आलेलं वॉलेट बाद. पैसे लगेच मोठ्या ॲड्रेसकडे गेलेले दिसले तर एक्स्चेंजचं खातं शोधा, ईमेलच्या इनबॉक्समध्ये केवायसीचे मेल पडलेले असतात.

त्यापुढे ॲड्रेस कामाचा नाही, शब्द सापडतात का बघा, कारण शब्द ॲड्रेसपेक्षा जास्त बोलतात. २५ शब्द असतील तर मोनेरो असायची शक्यता मोठी, अल्गोरँडचेही २५ असतात. २० किंवा ३३ शब्द म्हणजे बहुधा ट्रेझरचा शमीर बॅकअप (गुपिताचे तुकडे करून ठेवायची पद्धत). १५ शब्द आणि कार्डानोचा ॲड्रेस असेल तर बहुधा योरोई. १२ शब्द आहेत, सगळे डिक्शनरीतले आहेत, तरी प्रत्येक वॉलेट "इनव्हॅलिड" म्हणतंय, तर शब्द चुकीचे आहेत म्हणून रडू नका, इलेक्ट्रम उघडा, त्याची शब्दांची पद्धत बीआयपी-३९ पेक्षा वेगळी आहे आणि बाकीच्या बहुतेकांना ती समजत नाही. इलेक्ट्रम फक्त त्याच्या अधिकृत साईटवरून घ्या, त्याच्या नकला खूप फिरतात.

शब्द चालले पण ॲड्रेस वेगळाच आला आणि बॅलन्स शून्य, तर घाबरू नका, डेरिव्हेशन पाथ वेगळा असतो. बिटकॉइनमध्ये पाथच्या पहिल्या आकड्यावरून प्रकार ठरतो, ४४ नं १ वाले, ४९ नं ३ वाले, ८४ नं बीसी१क्यू आणि ८६ नं बीसी१पी ॲड्रेस येतात, चिठ्ठीवरचा ॲड्रेस कोणत्या प्रकारचा आहे ते तुम्हाला आता माहीत आहे, तोच पाथ निवडा. इथेरियममध्ये लेजरचं ॲप दुसऱ्या खात्यापासून पुढे मेटामास्कपेक्षा वेगळा रस्ता धरतं, तिथेही पाथ बदलून बघा. तरी जुळत नसेल तर शब्दांवर कोणी वेगळा पासफ्रेज (जास्तीचा गुप्त शब्द) लावला होता का ते घरच्यांना विचारा. ॲड्रेस जुळला की ते जुने शब्द कुठेकुठे टाइप झालेत ते आठवत बसण्यापेक्षा नवीन शब्दांचं वॉलेट बनवा, आधी थोडी रक्कम पाठवून बघा, पोचली की बाकीची.